काउंट नॉर्मल, अंडी पक्व, तरीही फलन शून्य: पीएलसी झीटा आणि पीएलसीझेड१ जनुकाबद्दल

प्रश्न थोडक्यात असा: आम्ही पुण्यात सिंहगड रोडला राहतो. माझं वय ३१, मिस्टरांचं ३५. लग्नाला सहा वर्षं झाली. त्यांचा काउंट ५८ मिलियन आहे, मोटिलिटीही (शुक्राणूंची हालचाल) चांगली आहे. चार आययूआय (शुक्राणू नळीने थेट गर्भाशयात सोडणं) झाले, मग दोनदा इक्सी (लॅबमध्ये सुईने एकेका अंड्यात शुक्राणू सोडणं) केलं. पहिल्या वेळी ९ पक्व अंडी मिळाली, फलन शून्य. दुसऱ्या वेळी ११ मिळाली, त्यातलं एकच फलित झालं आणि तेही तिसऱ्या दिवशी थांबलं. आता डॉक्टर म्हणतात, एक तर दात्याचे शुक्राणू घ्या, नाहीतर मिस्टरांची पीएलसीझेड१ या जनुकाची तपासणी करून बघू. सासूबाई म्हणतात, हिची अंडीच कमकुवत असणार. माझ्या थोरल्या जाऊबाईंनाही नऊ वर्षांत मूल नाही. त्यांचंही इक्सी दोनदा असंच फसलं, आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या सेंटरमध्ये त्यांना दात्या बाईची अंडी घ्यायला सांगितलं आहे. सासू-सासरे आते-मामे भावंडं आहेत, हे सांगायचं राहिलं. दोष नेमका कुणाचा?

उत्तर:

ताई, तुम्ही शेवटी ‘सांगायचं राहिलं’ म्हणून जे लिहिलंत, तिथूनच मी सुरुवात करते. दोन सख्खे भाऊ. त्यांच्या बायका वेगवेगळ्या घरांतून आलेल्या. दोघींची अंडी वेगळ्या लॅबमध्ये, वेगळ्या हातांनी हाताळलेली. आणि चारही वेळा निकाल एकच, शून्य किंवा शून्याला लागून. दोन सुनांच्या अंड्यांत नेमका एकच दुर्मिळ बिघाड निघण्यापेक्षा दोन भावांच्या शुक्राणूंत एकच उणीव असणं कितीतरी जास्त संभवतं. मी पुण्यात चोवीस वर्षं एम्ब्रिऑलॉजिस्ट, म्हणजे लॅबमध्ये अंडी, शुक्राणू आणि गर्भ हाताळणारी तज्ज्ञ म्हणून काम करते आहे. असे कागद समोर आले की मी आधी शुक्राणूकडे वळते. तुमच्या डॉक्टरांनी त्या जनुकाचं नाव घेतलं हे फार चांगलं झालं. फक्त क्रम उलटा झाला. आधी तपासणी, मग दात्याचा विचार.

मिस्टरांचा रिपोर्ट नॉर्मल आहे हे खरंच आहे. पण त्यात मोजलेलं काय असतं? एका मिलिलिटरमध्ये शुक्राणू किती, त्यातले हलतात किती, दिसायला नीट किती. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत खालची मर्यादा १६ मिलियन, हालचाल ४२ टक्के आणि नीट आकाराचे फक्त ४ टक्के अशी आहे. त्या हिशेबाने ५८ मिलियन भरपूर झाले. पण शुक्राणूच्या डोक्यात काय आहे आणि काय नाही, हे त्या रिपोर्टात कुठेच येत नाही. पोस्टमन वेळेवर आला, पाकीट दारात पडलं, पण आत चिठ्ठीच नव्हती, असं होऊ शकतं. चार आययूआय आणि दोन इक्सी होईपर्यंत ते पाकीट कुणी उघडून पाहिलेलं नसतं, कारण ते पाहण्याची सोय नेहमीच्या तपासणीत नाही.

आता अंड्याकडे येऊ. ज्याला आम्ही पक्व अंडं किंवा लॅबच्या भाषेत ‘एम-टू’ म्हणतो, ते मध्येच थांबलेलं असतं. त्याचं दुसरं विभाजन सुरू झालेलं असतं, रंगसूत्रं रांगेत उभी असतात, आणि तिथेच सगळं अडवून धरलेलं असतं. हा ब्रेक अंडं स्वतःहून सोडत नाही. तो सोडायचा इशारा शुक्राणूने द्यायचा असतो. शुक्राणू बापाची २३ रंगसूत्रं घेऊन येतो हे आपण शाळेत शिकलो. त्या रंगसूत्रांच्या जोडीला तो एक प्रथिनही आणतो, हे शिकलो नाही. त्याचं नाव पीएलसी झीटा. ते शुक्राणूच्या डोक्यात, केंद्रकाला लपेटून असलेल्या पातळ आवरणात बसलेलं असतं. माणसात ते ६०८ अमिनो आम्लांची साखळी आहे. पीएलसी नावाच्या मोठ्या कुटुंबातलं हे आकाराने सर्वांत लहान.

शुक्राणू आत शिरला की हे प्रथिन सुटून अंड्याच्या द्रवात पसरतं. तिथे पीआयपी-टू नावाचा एक स्निग्ध रेणू असतो, त्याचे ते दोन तुकडे करतं. त्यातला आयपी-थ्री हा तुकडा अंड्याच्या आतल्या कॅल्शिअमच्या कोठारांची दारं उघडतो. कॅल्शिअम बाहेर उसळतं, मग परत आत ओढलं जातं, पुन्हा उसळतं. एकदा होऊन हे थांबत नाही. माणसाच्या अंड्यात काही मिनिटांच्या अंतराने अशा लाटा कित्येक तास येत राहतात, दोन्ही केंद्रकं तयार होईपर्यंत. या लाटांमुळे विभाजन अडवून धरणारं प्रथिन मोडून पडतं आणि ब्रेक सुटतो. अंडं आपली जादा रंगसूत्रं एका छोट्या गोळीत (तिला आम्ही ध्रुवगोळी म्हणतो) बाहेर टाकतं आणि कवच घट्ट करून घेतं, म्हणजे दुसरा शुक्राणू आत येऊ नये. माणसाचं आयुष्य सुरू होतं ते या लाटांनी. इतकी वर्षं हे काम करूनही मला याचं अप्रूप वाटतं.

शुक्राणूत असं काहीतरी आहे हे आधीच कळलं होतं. १९९० मध्ये कार्ल स्वान यांनी हॅमस्टरच्या शुक्राणूंचा अर्क अंड्यात टोचला आणि लाटा उठलेल्या दाखवल्या. पण तो पदार्थ कोणता हे ठरायला आणखी बारा वर्षं लागली. २००२ मध्ये वेल्समधल्या कार्डिफला टोनी लाय आणि स्वान यांच्या गटाने पीएलसी झीटा शोधून काढलं. या एकाच प्रथिनाचा आरएनए (ते बनवण्याचा पेशीला दिलेला निरोप) उंदराच्या अंड्यात टोचला तर शुक्राणूशिवायही तशाच लाटा उठतात आणि अंडं वाढू लागतं, हे त्यांनी दाखवलं. मधल्या काळात दुसऱ्या एका प्रथिनाचा दावाही पुढे आला होता, पण ते नसलेले उंदीर व्यवस्थित बाप झाले आणि तो दावा मागे पडला. २०१७ मध्ये पीएलसी झीटा नसलेले उंदीर तयार केले गेले. त्यांचे शुक्राणू दिसायला, पोहायला ठीक होते, पण अंड्यात टोचले तर लाटा उठवू शकले नाहीत. दिसायला ठीक, पोहायला ठीक, आणि तरी लाट नाही. तुमच्या मिस्टरांचा रिपोर्ट याच्या शेजारी ठेवून बघा.

या प्रथिनाची कृती ज्या जनुकात लिहिलेली आहे ते पीएलसीझेड१. ते १२ व्या रंगसूत्राच्या आखूड बाहूवर असतं. म्हणजे ते वाय रंगसूत्रावर नाही, आणि ‘पुरुषाचं प्रथिन म्हणजे बापाकडूनच आलं असणार’ हा समज इथे चुकतो. प्रत्येकाकडे त्याच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. एक बिघडलेली आणि एक चांगली असेल तर बहुतेक वेळा काम भागतं. बिघडलेली प्रत ज्या शुक्राणूच्या वाट्याला आली तोही कसा चालतो, हा प्रश्न तुम्हाला पडेल. शुक्राणू तयार होताना ते सुटे सुटे नसतात. बारीक पुलांनी एकमेकांना जोडलेले असतात आणि आतला माल वाटून घेतात. म्हणून शेजाऱ्याचं प्रथिन त्यालाही मिळतं. दोन्ही प्रती बिघडल्या की मात्र वाटायला काही उरत नाही.

माणसात हे पहिल्यांदा २००९ मध्ये दिसलं. इक्सी फसत असलेल्या एका पुरुषाच्या या जनुकात असा बदल मिळाला की साखळीतल्या ३९८ व्या जागी हिस्टिडिन या अमिनो आम्लाऐवजी प्रोलिन येत होतं. पुढे २०१२ मध्ये त्याच माणसाच्या दुसऱ्या प्रतीतही बदल सापडला, २३३ व्या जागी, आणि तो आईकडून आलेला होता. २०१६ मध्ये दोन सख्ख्या भावांची नोंद झाली. दोघांचं इक्सी फसलेलं, दोघांच्या दोन्ही प्रतींत तोच एक बदल, ४८९ व्या जागी. तुमचं पत्र वाचताना मला आधी ते दोन भाऊ आठवले.

आते-मामे भावंडांच्या लग्नाचा संबंध इथे येतो. मामाची मुलगी करण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे, आणि सासू-सासऱ्यांनी काही चूक केली असं कृपा करून कुणी म्हणू नये. प्रत्येकाच्याच अंगात कुठल्या ना कुठल्या जनुकाच्या बिघडलेल्या प्रती असतात, नुसत्या झाकलेल्या. चुलत, मामे, आते भावंडांचे आजी-आजोबा एकच असल्याने तीच बिघडलेली प्रत दोघांकडे असण्याची शक्यता वाढते. अशा जोडप्याच्या मुलांत सरासरी सोळावा हिस्सा जनुकांच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असतात. दोघंही वाहक (एक प्रत बिघडलेली, एक चांगली) असतील तर प्रत्येक मुलाला दोन्ही बिघडलेल्या प्रती मिळण्याची शक्यता चारात एक. दोन्ही मुलांच्या वाट्याला त्या आल्या असतील तर ते त्या कुटुंबाचं दुर्दैव, त्यात पाप कुणाचंच नाही. तुम्हाला नणंद असेल तर तिला मुलं झालेली आहेत म्हणून हा अंदाज खोटा ठरत नाही. हे प्रथिन शुक्राणूत काम करतं, अंड्यात नाही.

आता एक गोष्ट सांगते, जी मी सहसा बोलत नाही. मी नोकरीला लागून काही वर्षं झाली होती. हडपसरहून एक जोडपं यायचं. काउंट उत्तम. पहिल्या इक्सीत १० अंडी, शून्य. दुसऱ्यात ८, शून्य. आम्ही सगळे बसलो आणि ठरवलं की अंड्यांचा दर्जा खराब आहे. तसं त्यांच्या फाइलमध्ये लिहिलं. त्या बाईंना दात्या बाईची अंडी घ्यायला सांगितलं. त्यांनी घेतली. दाती पंचविशीची, स्वतःची दोन मुलं असलेली. १२ अंडी, सगळी पक्व, एकेक बघण्यासारखं. इक्सी मीच केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी डिश काढली आणि बाराच्या बारा अंडी काल होती तशीच होती. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या बाईंची अंडी कधीच खराब नव्हती. पण तोवर त्यांच्यावर शिक्का बसून दोन वर्षं झाली होती, दागिने मोडून झाले होते, आणि ‘अंडी खराब’ हे शब्द आम्हीच लिहिले होते. पुढे ते जोडपं आलं नाही. त्यानंतर शून्य फलनाच्या कुठल्याही फाइलवर सगळं तपासल्याशिवाय मी ‘अंड्यांचा दर्जा’ हे कारण लिहू दिलेलं नाही.

तुम्हालाही तेच तपासायचं आहे. दोन्ही सायकलची, म्हणजे इक्सीच्या दोन्ही फेऱ्यांची, एम्ब्रिऑलॉजी शीट लॅबकडून मागून घ्या. डिस्चार्ज पेपर नव्हे, लॅबने अंड्यागणिक लिहिलेली शीट. ती मागण्याचा तुम्हाला हक्क आहे, संकोच करू नका. त्यात काय बघायचं ते नीट कळावं म्हणून इक्सीच्या टेबलावर नेमकं काय होतं ते सांगते.

ट्रिगरच्या, म्हणजे अंडी शेवटची पक्व करणाऱ्या इंजेक्शननंतर साधारण ३५-३६ तासांनी अंडी काढतात, आणि काही तासांनी इक्सी होतं. अंडं मिलिमीटरच्या जेमतेम दहाव्या हिश्शाएवढं. एका बाजूला बोथट काचेची नळी त्याला हलक्या ओढीने धरून ठेवते. दुसऱ्या बाजूची सुई आधी शुक्राणूची शेपटी डिशच्या तळाशी दाबून मोडते. हे त्याला थांबवण्यासाठी असतंच, पण त्याने त्याच्या आवरणालाही चीर पडते आणि आतलं प्रथिन बाहेर यायला वाट मिळते. शेपटी नीट मोडली नाही तर फलन घटतं. मग सुई आत जाते. अंड्याचा पडदा रबरासारखा ताणतो. तो फुटला असं वाटतं, पण फुटलेला नसतो. म्हणून आम्ही थोडा द्रव सुईत ओढून घेतो. पडदा सुटला की द्रव एकदम झपकन आत येतो, आणि मगच शुक्राणू सोडायचा. हे चुकलं तर शुक्राणू पडद्याच्या खळग्यात, म्हणजे अंड्याच्या बाहेरच राहतो. दुपारी दोनला इक्सी केलं असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आम्ही बघतो. फलन झालेल्या अंड्यात मधोमध दोन गोल केंद्रकं एकमेकांना टेकून बसलेली दिसतात आणि कडेला दोन ध्रुवगोळ्या. फलन न झालेल्यात पहिल्या विभाजनातली एकच ध्रुवगोळी आणि मध्ये काहीही नाही. स्वच्छ, गुळगुळीत, कालच्यासारखं.

म्हणून शीटमध्ये हे शोधा. किती अंडी एम-टू होती. सुईने किती फुटली. दुसऱ्या दिवशी प्रत्येकात ध्रुवगोळ्या किती होत्या. सगळ्यांत एकच असेल तर अंडी जागी झालीच नाहीत असा अर्थ. दोन असून केंद्रकं नसतील तर गोष्ट वेगळ्या दिशेने जाते. आणि फलन न झालेली अंडी रंगवून शुक्राणू आत होता का हे पाहिलं होतं का, ते विचारा. बहुतेक ठिकाणी हे करत नाहीत, ती अंडी टाकून दिली जातात. पुढच्या वेळी करायला सांगा. शुक्राणूचं डोकं आत आहे, न उलगडलेलं, आणि अंडं एम-टूवरच थांबलेलं, असं दिसलं तर इशारा मिळाला नाही हे जवळपास डोळ्यांनी पाहिल्यासारखं होतं. दोन सायकल एकाच हाताने केल्या होत्या का, हेही हळूच विचारून घ्या.

शुक्राणूचा आकारही पुन्हा एकदा नीट बघायला हवा. सगळ्यांची डोकी साध्या गोट्यांसारखी गोल असतील, टोकावरची टोपी नसेल, तर त्याला ग्लोबोझूस्पर्मिया म्हणतात. त्यात बहुतेकदा डीपीवाय१९एल२ हे जनुक गळालेलं असतं (२०११ मध्ये कळलं), आणि डोकं नीट न घडल्याने पीएलसी झीटाही नसतं किंवा फार थोडं असतं. तुमच्या रिपोर्टात आकाराबद्दल काही वावगं नसल्याने ही शक्यता कमी, पण पाच मिनिटांचं काम आहे.

अंड्याची बाजू मी विसरलेले नाही. इशारा मिळूनही अंडं जागं होत नाही असंही असतं. डब्ल्यूईई२ नावाच्या जनुकात बदल असलेल्या काही स्त्रियांत हे २०१८ मध्ये दाखवलं गेलं. ते जनुक कॅल्शिअमच्या लाटांच्या पुढच्या पायरीवर काम करतं. म्हणून तिथे बिघाड असेल तर कॅल्शिअम कितीही पुरवलं तरी फायदा होत नाही. हा फरक उपचारासाठी मोलाचा आहे. एक्सोम तपासणी (सगळ्या जनुकांतले प्रथिनांच्या कृतीचे भाग वाचणं) करायचीच असेल तर नवरा-बायको दोघांची करा, असं मी त्यासाठी म्हणते. तुमच्या बाबतीत जाऊबाईंची हकिकत वजन शुक्राणूच्या पारड्यात टाकते, पण कागदावर आलेलं बरं.

तपासणी रक्ताची असते, वीर्याची नव्हे. खर्च एका इक्सी सायकलच्या मानाने बराच कमी येतो. निकाल तीन प्रकारे येऊ शकतो. दोन्ही प्रतींत प्रथिन बिघडवणारा बदल सापडला तर उत्तर मिळालं. काहीच सापडलं नाही तर पीएलसी झीटाची शंका संपत नाही, कारण प्रथिन कमी पडण्याला या जनुकाखेरीज इतरही कारणं असतात. आणि तिसरा, ज्याने माणसं सर्वांत जास्त गोंधळतात: ‘अर्थ अनिश्चित’ असा बदल. हे शब्द वाचून घाबरू नका आणि त्यावर निर्णयही घेऊ नका. अशा वेळी थोरल्या दिरांचं रक्त तपासायचं. दोघा भावांच्या दोन्ही प्रतींत तोच बदल निघाला आणि सासू-सासऱ्यांकडे एकेक निघाला, तर त्या अनिश्चित बदलाला चांगलंच वजन येतं. जनुकीय समुपदेशकाकडे चौघं मिळून जाता आलं तर उत्तम. शुक्राणूतलं प्रथिन रंगवून बघण्याची चाचणीही आहे. पण तिचे निकाल माणसागणिक आणि नमुन्यागणिक बदलतात, त्यामुळे एकट्या तिच्या भरवशावर मी राहणार नाही.

उपचाराबद्दल. अंड्याला जो इशारा शुक्राणूकडून मिळत नाही, तो बाहेरून देता येतो. याला अंड्याचं कृत्रिम सक्रियण म्हणतात. १९९७ मध्ये बेल्जियममधल्या घेंटच्या गटाने गोल डोक्याच्या शुक्राणूंच्या एका जोडप्यात यातून गर्भधारणा झाल्याचं नोंदवलं. इक्सी झालं की अंडी कॅल्शिअम आयनोफोरच्या द्रावणात ठेवतात. ए-२३१८७ हे त्याचं नाव, तयार द्रावण मिळतं. साधारण १५ मिनिटं ठेवायची, मग स्वच्छ थेंबांतून तीनदा धुऊन पुन्हा इन्क्युबेटरमध्ये. आयनोफोर अंड्याच्या पडद्यातून कॅल्शिअम वाहून आत नेतो.

त्याची मर्यादाही सांगते. पीएलसी झीटा तासन् तास ठेका धरतं. आयनोफोर एकच मोठा टोल देतो. गणपतीत लक्ष्मी रोडवर पथकाचा ताल सुरू राहणं वेगळं आणि एकदाच ढोलावर जोरात काठी पडणं वेगळं. पण बहुतेक अंड्यांना जागं व्हायला तेवढा एक टोल पुरतो. शून्याच्या जागी पाच-सहा अंडी फलित झालेली सकाळ मी पाहिली आहे, आणि त्या दिवशी लॅबमधून बाहेर येऊन त्या नवरा-बायकोला सांगताना माझाच आवाज नीट निघत नव्हता. प्रयोगशाळेत तयार केलेलं पीएलसी झीटाच अंड्यात टोचावं, असंही संशोधन सुरू आहे. ते जास्त नैसर्गिक ठरेल, पण माणसांवरच्या उपचारात अजून आलेलं नाही. कुणी देऊ केलं तर घेऊ नका.

आयनोफोर सरसकट सगळ्यांना द्यायचं औषध नव्हे, हे मला ठासून सांगायचं आहे. एश्रे या युरोपीय संस्थेच्या २०२३ च्या शिफारशींतही तसंच आहे: नेहमीच्या वापरासाठी नाही. फलन शून्य असेल, ३० टक्क्यांपेक्षा कमी असेल किंवा शुक्राणू गोल डोक्याचे असतील तर द्यावं. तुमचं २० अंड्यांत एक म्हणजे ५ टक्के झालं. तुम्ही त्या व्याख्येत नीट बसता. निदान अर्धवट असेल तर आम्ही अंडी दोन गटांत वाटतो, अर्ध्यांना आयनोफोर, अर्ध्यांना नाही, म्हणजे फरक त्याच सायकलमध्ये कळतो. तुमच्या बाबतीत जनुकाचा निकाल स्पष्ट आला तर मी सगळ्या अंड्यांना देईन, निम्मी पणाला लावणार नाही.

बाळाला काही होईल का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असणारच. या पद्धतीने जन्मलेल्या मुलांच्या आजवरच्या पाहण्यांत जन्मजात दोष वाढलेले दिसलेले नाहीत. त्या पाहण्यांतली मुलांची संख्या थोडी आहे, त्यामुळे संमतीपत्रावर सही करण्याआधी हे डॉक्टरांशी बोलून घ्या. जनुकाचं म्हणाल, तर मिस्टरांच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तर प्रत्येक बाळाकडे एक जाईल. दुसरी तुमच्याकडून येईल, आणि तुम्ही वाहक नसाल तर ती चांगली असेल. बाळ नुसतं वाहक राहील. मुलगा झाला तर त्याच्यावर वडिलांची वेळ येण्याचं कारण नाही. तुम्ही दोघंही जवळच्या नात्यातले असाल तर मात्र तुमची तपासणी टाळू नका.

दात्याच्या शुक्राणूंना माझा विरोध नाही. त्यातून आनंदाने आई-बाप झालेली कितीतरी घरं मी जवळून पाहिली आहेत. आयनोफोर देऊनही फलन झालं नाही तर तो रस्ता उघडा आहे. २०२१ च्या कायद्यानुसार ते नोंदणीकृत बँकेतूनच येतात, आणि एका दात्याचे शुक्राणू एकाच जोडप्याला देता येतात. पण मिस्टरांच्या शुक्राणूंची एक संधी तपासायची राहिलेली असताना तिथे जायची घाई नको. मिस्टरांनाही हे नीट समजावून सांगा. ‘दोष शुक्राणूत’ एवढंच कानावर पडलं तर पुरुष आतल्या आत मिटून जातात. त्यांचा काउंट, ताकद, तब्येत, कशातही खोट नाही. एक प्रथिन नाही, तेही बहुधा.

आणि सासूबाईंना सांगायचं असेल तर एवढंच सांगा की डॉक्टरांच्या मते कारण अंड्यांत नसून घराण्यात चालत आलेल्या एका जनुकात असू शकतं, आणि त्यासाठी त्यांचंही थोडं रक्त लागेल. तुम्हाला हे बोलणं जड जाणार असेल तर मिस्टरांनी बोलावं. आई त्यांची आहे.

जाऊबाईंचं मात्र उद्यावर टाकू नका. त्यांना पुढच्या महिन्यात दुसऱ्या बाईची अंडी घ्यायला सांगितलंय. थोरल्या दिरांच्या शुक्राणूत तीच उणीव असेल तर ती अंडीही तशीच थांबतील. सगळा खर्च जाईल, दातीचे कष्ट जातील, आणि जाऊबाईंची स्वतःची चांगली अंडी न वापरता राहतील. त्यांच्या दोन्ही सायकलच्या शीट तुमच्या शीटच्या शेजारी ठेवून बघा, ध्रुवगोळ्यांच्या रकान्यात एकेकच लिहिलंय का ते. आज रात्री त्यांना फोन करा. तारीख पुढे ढकलायला सांगा आणि दिरांचं रक्त तुमच्या मिस्टरांच्या रक्ताबरोबरच पाठवा.